स्कूटर प्रेषण समायोजन

लहान स्कूटरच्या एंजिनाची शक्ती मागील चाकाकडे नेणाऱ्या यंत्रणेतील वजने, स्प्रिंगा, क्लच व दंतचक्रे यांची एंजिनाच्या गुणधर्मांशी जुळणी करण्याच्या क्रियेला प्रेषण समायोजन म्हणतात. एंजिनाची मूळ शक्ती न वाढविता वाहनाचा प्रवेग (वेग वाढण्याचे प्रमाण) सुधारणे, हा या क्रियेचा मुख्य हेतू असतो. चढाचा रस्ता, दोन माणसांचा भार किंवा उंचावरील विरळ हवा यांसारख्या विशेष परिस्थितीसाठीही समायोजन केले जाते.

स्कूटरमध्ये प्रामुख्याने दोन प्रकारची प्रेषणे आढळतात. पहिल्या प्रकारात तीन वा चार दंतचक्र-जोड्या असून त्या डाव्या मुठीने बदलाव्या लागतात. इटलीत १९४६ मध्ये निघालेली व्हेस्पा आणि भारतात १९७२ पासून तयार होऊ लागलेली बजाज चेतक ही या प्रकाराची परिचित उदाहरणे होत. दुसऱ्या प्रकारात दोन शंक्वाकार कप्प्यांवरून फिरणारा रबरी पट्टा व केंद्रोत्सारी क्लच असतो आणि गुणोत्तर आपोआप, पायऱ्यांशिवाय बदलते. सांप्रतच्या बहुतेक पेट्रोल स्कूटरींत हाच प्रकार वापरतात. प्रस्तुत नोंदीत त्याच्याच समायोजनाचा विचार केला आहे.

इतिहास : कप्पीचा परिणामी व्यास बदलून वाहनाचे गुणोत्तर बदलण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ब्रिटिश मोटारसायकलींत दिसते. झेनिथ ग्रॅजुआ या मोटारसायकलीत पुढील कप्पीचा व्यास बदलताच मागील चाक पुढेमागे सरके व पट्ट्याचा ताण कायम राही. चढावरील स्पर्धांत या गाडीला मिळणाऱ्या लाभामुळे काही ठिकाणी तिला मनाई करण्यात आली, तेव्हा उत्पादकांनी ‘मनाई केलेली’ या अर्थाचा शब्दच आपल्या व्यापारचिन्हात घातला. रज मल्टी या मोटारसायकलीत दोन्ही कप्प्यांचे व्यास एकाच वेळी विरुद्ध दिशांनी बदलत. या गाडीवर सिरिल पुलिन यांनी १९१४ मध्ये आइल ऑफ मॅन येथील सीनियर टीटी शर्यत जिंकली. या दोन्ही यंत्रणा हाताने चालवाव्या लागत.

आपोआप चालणारी रचना नेदर्लंड्‌समधील हुब व्हान डोर्न यांनी विकसित केली आणि ती १९५८ मध्ये डॅफ ६०० या मोटारगाडीत प्रथम लोकांपुढे आली. तीत केंद्रोत्सारी वजने व एंजिनाच्या अंतर्ग्रहण नळीतील निर्वात यांच्या साहाय्याने कप्प्यांची हालचाल होई. याच तत्त्वाचे सुटसुटीत रूप पुढे यूरोपातील मोपेडांत व १९८० नंतरच्या दशकात जपानी उत्पादकांनी स्कूटरींत सर्रास वापरले.

रचना : एंजिनाच्या भुजादंडाच्या टोकावर पुढील म्हणजे चालक कप्पी बसविलेली असते. तिची एक तबकडी स्थिर व दुसरी आसावर सरकणारी असते. सरकत्या तबकडीच्या पाठीमागे सामान्यतः सहा उतरते खोबण असून प्रत्येक खोबणीत एक रोलर असतो. रोलर म्हणजे बाहेरून प्लॅस्टिकचे आवरण असलेले धातूचे लहान दंडगोल होत. त्यांच्यामागे भुजादंडाबरोबर फिरणारी उतरती पट्टी असते. या संपूर्ण भागाला व्हेरिएटर असे म्हणतात.

मागील म्हणजे चालित कप्पीच्या दोन तबकड्यांपैकी एक सरकती असून एक जोरकस मळसूत्री स्प्रिंग तिला दुसरीकडे सतत दाबून धरते. सरकत्या तबकडीच्या नळीवर तिरप्या खाचा व त्यांत बसणाऱ्या खुंट्या असतात. या जोडणीला परिपीडन कॅम म्हणतात (परिपीडन म्हणजे आसाला पीळ देणारी प्रेरणा). कप्पीच्या बाहेरच्या बाजूस केंद्रोत्सारी क्लच असतो. त्यात घर्षण अस्तर लावलेले, बहुधा तीन जोडे लहान स्प्रिंगांनी आत ओढून धरलेले असतात व त्यांच्याभोवती क्लचचा वाडगा असतो. वाडग्याची गती तेलात बुडालेल्या अंतिम दंतचक्रांमार्फत कमी होऊन चाकाला मिळते. पट्टा व दोन्ही कप्प्या मात्र कोरड्या असाव्या लागतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी स्थिर तबकडीच्या पाठीवर पंख्याची पाती असतात.

कार्य : एंजिन मंद फिरत असताना पुढील कप्पी उघडी असते व पट्टा तिच्या तळाशी, तर मागील कप्पीच्या कडेशी असतो. या स्थितीत पुढील कप्पीचे सु. अडीच फेरे झाले म्हणजे मागील कप्पीचा एक फेरा होतो. एंजिनाचे फेरे वाढले की केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे रोलर बाहेर सरकतात, सरकत्या तबकडीला आत ढकलतात आणि पट्टा पुढील कप्पीवर वर चढतो. पट्ट्याची लांबी ठराविक असल्याने तो मागील कप्पीच्या तबकड्या स्प्रिंगेविरुद्ध फाकवून तेथे खाली उतरतो. शेवटी गुणोत्तर ०·८ च्या आसपास येते. म्हणजे मागील कप्पी पुढील कप्पीपेक्षा जलद फिरू लागते.

चढ लागला किंवा चालकाने मूठ एकदम पिळली, तर पट्ट्यातील ओढ वाढते. परिपीडन कॅमच्या तिरप्या खाचांमुळे या ओढीचा काही भाग आसाच्या दिशेने वळतो व मागील कप्पी मिटू पाहते. पट्टा तेथे वर चढतो, गुणोत्तर मोठे होते आणि एंजिनाला फेरे वाढविता येतात. अशा रीतीने पुढील कप्पी फेऱ्यांना व मागील कप्पी भाराला प्रतिसाद देते. कोणत्याही क्षणी मिळणारे गुणोत्तर म्हणजे या दोन प्रेरणांमधील समतोल होय. समायोजनाची सर्व सूत्रे या समतोलातून निघतात.

प्रवेग व शक्ती : एंजिनाचे परिपीडन ज्या फेऱ्यांवर सर्वाधिक असते, तेथे ते ठेवल्यास सर्वाधिक प्रवेग मिळेल, अशी समजूत पुष्कळदा आढळते. ठराविक गुणोत्तराच्या वाहनात ती त्या एका गुणोत्तरापुरती बरोबर असते. पट्टा प्रेषणात मात्र ती चुकीची ठरते. चाकावरील ओढ एंजिनाचे परिपीडन व एकूण गुणोत्तर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. वाहनाचा वेग ठराविक धरला, तर एंजिनाचे फेरे जितके जास्त तितके गुणोत्तर मोठे असते. म्हणून चाकावरील ओढ ही परिपीडन व फेरे यांच्या गुणाकाराच्या, म्हणजेच शक्तीच्या, सम प्रमाणात असते. पूर्ण मूठ पिळली असता एंजिन सर्वाधिक शक्तीच्या फेऱ्यांवर स्थिर राहावे आणि वाहनाचा वेग केवळ गुणोत्तर बदलून वाढावा, हे समायोजनाचे ध्येय असते.

उदाहरणादाखल चालकासह १७० किग्रॅ. वस्तुमानाची स्कूटर ताशी ३० किमी. (सेकंदाला ८·३३ मी.) वेगाने जात आहे असे मानू. चाकाशी ४ किवॉ. शक्ती मिळत असेल, तर ओढ ४८० न्यूटन होते. रस्ता व हवा यांचा रोध ५० न्यूटन धरल्यास प्रवेग दर सेकंदाला सेकंदास सु. २·५ मी. येतो. फेरे योग्य ठिकाणी आणून चाकाशी ४·५ किवॉ. मिळाल्यास ओढ ५४० न्यूटन व प्रवेग सु. २·९ मी. होतो. एंजिनात कोणताही बदल न करता झालेली ही वाढ आहे. परंतु मुळातच फेरे सर्वाधिक शक्तीपाशी स्थिर असतील, तर रोलर बदलून काहीही साधत नाही. उलट नुकसान होते.

वरील रचनेत अंतिम दंतचक्रांचे गुणोत्तर ९ व चाकाचा परीघ १·३६ मी. मानला, तर दर मिनिटास ६,५०० फेऱ्यांवर पट्ट्याच्या सर्वांत मोठ्या गुणोत्तरात (२·५) वेग ताशी सु. २४ किमी. व सर्वांत लहान गुणोत्तरात (०·८) सु. ७४ किमी. येतो. या दोन वेगांच्या दरम्यान एंजिनाचा आवाज जवळजवळ एकसारखा राहिला पाहिजे. तो मध्येच खाली येऊन पुन्हा चढत असेल, तर जुळणीत दोष आहे असे समजावे.

रोलरांचे वजन : केंद्रोत्सारी प्रेरणा रोलरांचे वस्तुमान, आसापासूनचे अंतर आणि कोनीय वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतकी असते. प्रत्येकी ८ ग्रॅ. वजनाचे सहा रोलर आसापासून ३० मिमी. अंतरावर दर मिनिटास ६,००० फेऱ्यांनी फिरत असतील, तर एकूण प्रेरणा सु. ५७० न्यूटन, म्हणजे सु. ५८ किग्रॅ. वजनाइतकी भरते. मागील स्प्रिंग व कॅम यांचा विरोध तेवढाच राहिला, तर हलक्या रोलरांना तीच प्रेरणा देण्यासाठी अधिक फेरे लागतात. हे फेरे वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतात. त्यामुळे ८ ग्रॅ. ऐवजी ७ ग्रॅ. चे रोलर घातल्यास ६,००० चे सु. ६,४०० फेरे, ६·५ ग्रॅ. ला सु. ६,६५० आणि ६ ग्रॅ. ला सु. ६,९०० फेरे होतात. प्रत्यक्षात एंजिनाचे परिपीडनही फेऱ्यांबरोबर बदलत असल्याने हे आकडे केवळ अंदाजासाठी उपयोगी पडतात.

रोलरांचा व्यास व रुंदी मूळ मापाचीच असावी लागते. सहाही रोलर एका वजनाचे असणे उत्तम. मधले वजन हवे असल्यास दोन वजनांचे तीन-तीन रोलर एकाआड एक बसवितात. तसे न केल्यास फिरत्या भागाचा तोल बिघडतो. फार हलके रोलर वापरल्यास पट्टा पुढील कप्पीच्या कडेपर्यंत चढत नाही. एंजिन आवाज करीत फिरते, पण महत्तम वेग घटतो व इंधन वाया जाते. फार जड रोलरांमुळे पट्टा अकाली वर चढतो आणि एंजिन दमल्यासारखे होते.

सर्वाधिक शक्तीच्या फेऱ्यांवरून योग्य वजन ठरते व ही फेरे-मर्यादा एंजिनाच्या प्रकारानुसार बदलते. प्रसरण कोठी असलेल्या निष्कास नळीच्या द्विधाव एंजिनात शक्ती फेऱ्यांच्या अरुंद पट्ट्यात एकवटलेली असते. तेथे अर्ध्या ग्रॅमचा फरकही जाणवतो. चतुर्धाव एंजिनाची शक्ती पसरट असते. तेथे थोड्या फरकाने फारसे बिघडत नाही, मात्र प्रज्वलन यंत्रणेतील फेरे-मर्यादक लागू होईल इतके रोलर हलके करू नयेत.

उंचावर हवा विरळ असल्याने एंजिनाची शक्ती घटते. भाराला प्रतिसाद देणारी मागील कप्पी त्यामुळे कमी जोराने मिटते, पण रोलरांचा जोर तसाच राहतो. परिणामी फेरे खाली येतात. म्हणून महाबळेश्वरसारख्या (उंची सु. १,३५० मी.) ठिकाणी कायम वापरावयाच्या स्कूटरला किंचित हलके रोलर उपकारक ठरू शकतात.

मागील स्प्रिंग व कॅम : ताठर स्प्रिंगेने फेरे वाढतात हे खरे, पण त्यासाठी ती वापरणे योग्य नव्हे. पट्टा न घसरेल इतकी पकड ठेवणे व मूठ सोडताच कप्पी चटकन मिटविणे, हे स्प्रिंगेचे काम आहे. गरजेपेक्षा ताठर स्प्रिंग पट्ट्याला दोन्ही कप्प्यांत अधिक चेपते. त्यामुळे उष्णता व झीज वाढते आणि थोडी शक्तीही खर्ची पडते. एंजिनाचे परिपीडन वाढविलेले असेल व पट्टा घसरत असेल, तरच स्प्रिंग बदलावी. फेरे रोलरांनी व पकड स्प्रिंगेने ठरवावी, असा सर्वसाधारण नियम सांगता येईल.

कॅमची खाच आसाला समांतर असेल, तर भाराचा आसाच्या दिशेने काहीच परिणाम होत नाही. ती जितकी तिरपी तितकी कप्पी भाराला तीव्र प्रतिसाद देते. पुष्कळदा कॅमचा कोन बदलण्याची नव्हे, तर खाचेतील वाळलेले ग्रीज काढून नवे घालण्याचीच आवश्यकता असते. खुंट्या अडखळल्यास चढावर गुणोत्तर वेळेवर मोठे होत नाही.

क्लच : स्थिर स्थितीतून निघताना गुणोत्तर आधीच सर्वांत मोठे असल्याने पहिल्या काही मीटरांतील प्रवेग रोलरांवर नव्हे, तर क्लचवर अवलंबून असतो. क्लच मागील कप्पीबरोबर फिरत असल्याने एंजिनाचे ३,५०० फेरे असताना त्याचे सु. १,४०० फेरेच होतात. जोड्यांच्या स्प्रिंगा ताठर केल्यास क्लच अधिक फेऱ्यांवर पकडतो व एंजिन जोरात असताना वाहन सुटते. ही पकड फार उशिरा येऊ लागली, तर क्लच दीर्घकाळ घसरतो, वाडगा तापून निळसर पडतो, अस्तर काचेसारखे गुळगुळीत होते आणि गर्दीत वाहन झटके देते. तिन्ही स्प्रिंगा एकाच ताठरतेच्या असणे अत्यावश्यक आहे.

अंतिम दंतचक्रे : ही बदलल्याने सर्व गुणोत्तरे एकाच प्रमाणात मोठी वा लहान होतात. निघतानाची ओढ वाढते, पण महत्तम वेगाला एंजिनाचे फेरेही वाढतात. हा खर्चिक बदल शर्यतीच्या वाहनांतच विशेष केला जातो. इटलीतील मालोस्सी व पोलिनी या कंपन्या व्हेरिएटर, स्प्रिंगा व दंतचक्रे यांचे असे संच बनविण्यासाठी प्रसिद्ध आहेत.

समायोजनाची पद्धत : प्रथम मूळ यंत्रणा निर्दोष करावी. बाजूने सपाट झालेले रोलर, चर पडलेली खोबण, अरुंद झालेला पट्टा व तेलकट तबकड्या यांमुळेच बहुतेक स्कूटरी मंदावतात. पट्ट्याची रुंदी निर्मात्याने दिलेल्या मर्यादेखाली गेली असल्यास तो बदलावा. झिजलेला पट्टा कप्पीच्या कडेपर्यंत पोहोचत नाही. रोलरांना ग्रीज लावण्याची निर्मात्याची सूचना नसेल, तर ते लावू नये.

त्यानंतर फेरेमापक जोडून, एंजिन पुरते तापल्यावर, वाहतुकीसाठी बंद असलेल्या सपाट रस्त्यावर पूर्ण मूठ पिळून कोणत्या फेऱ्यांवर एंजिन स्थिरावते ते पहावे. वाऱ्याचा व उताराचा परिणाम वगळण्यासाठी चाचणी दोन्ही दिशांनी घेऊन सरासरी काढावी. ठराविक अंतरास लागणारा वेळ घड्याळाने मोजावा, कारण वाढलेला आवाज म्हणजे वाढलेला प्रवेग नव्हे. एका वेळी एकच घटक बदलावा. पट्टा किती वर चढतो हे समजण्यासाठी पुढील तबकडीवर तळापासून कडेपर्यंत शाईची रेघ ओढतात. फेरी मारून आल्यावर पट्ट्याने जेथपर्यंत रेघ पुसली असेल, तेथपर्यंत तो चढला असे कळते.

पुन्हा जोडणी करताना एक दक्षता विशेष महत्त्वाची आहे. मागील कप्पी फाकवून पट्टा तिच्यात खोल उतरवावा व पुढे तो सैल असतानाच भुजादंडाची चाकी (नट) निर्मात्याने सांगितलेल्या परिपीडनाने आवळावी. पट्टा तबकड्यांत अडकलेला असल्यास चाकी घट्ट बसल्याचा भास होतो. पुढे ती ढिली होऊन तबकडीच्या व भुजादंडाच्या खाचा खराब होतात आणि लहानशा कामातून एंजिन उघडण्याची वेळ येते.

मर्यादा व सुरक्षितता : समायोजनाने नवी शक्ती निर्माण होत नाही, असलेली शक्ती योग्य वेळी मिळते एवढेच. पूर्ण मूठ पिळल्यावर लाभदायक ठरणारे हलके रोलर संथ प्रवासातही फेरे चढे ठेवतात. त्यामुळे इंधनाचा खप, आवाज व एंजिनाची झीज वाढते. रोजच्या वापरासाठी सर्वाधिक शक्तीच्या थोडे खाली फेरे ठेवणे हिताचे असते. बहुतेक उत्पादक तसेच करतात.

लहान स्कूटरीची चाके लहान व ब्रेक माफक क्षमतेचे असतात. शिवाय वेग एका मर्यादेखाली आला की केंद्रोत्सारी क्लच सुटतो व एंजिनाचा रोधक परिणाम नाहीसा होतो. म्हणून प्रवेग वाढविण्यापूर्वी ब्रेक, टायर व धारवे यांची तपासणी करणे ही केवळ औपचारिकता नव्हे.

यूरोपीय संघात ५० घ. सेंमी. पर्यंतच्या मोपेडांना ताशी ४५ किमी. ची मर्यादा आहे. ती पाळण्यासाठी उत्पादक पुष्कळदा व्हेरिएटरच्या नळीवर एक कडे बसवितात, जेणेकरून पट्टा पूर्ण चढू नये. हे कडे काढल्याने प्रवेग नव्हे, तर महत्तम वेग वाढतो आणि वाहन त्याच्या कायदेशीर वर्गाबाहेर जाते. असे फेरफार रोखण्याच्या तरतुदी १९९७ च्या यूरोपीय निर्देशात करण्यात आल्या होत्या.

भारतातील स्थिती : १९७२ मध्ये पुण्याच्या कायनेटिक एंजिनिअरिंग कंपनीने बाजारात आणलेल्या लूना या मोपेडमुळे गिअर न बदलता चालविता येणारे दुचाकी वाहन सामान्य कुटुंबांत पोहोचले. चल गुणोत्तराचे पट्टा प्रेषण असलेली ९८ घ. सेंमी. ची द्विधाव कायनेटिक होंडा स्कूटर १९८४ मध्ये निघाली; तिचे उत्पादन मध्य प्रदेशातील पीथमपूर येथे होई. २००१ मध्ये विक्रीस आलेल्या चतुर्धाव होंडा ॲक्टिव्हानंतर हे प्रेषण देशात सार्वत्रिक झाले.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा भिन्न होईल असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवानगीबाहेरील फेरफारांसाठी वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशा शिक्षेची तरतूद झाली. रोलरांचे वजन नोंदणीपत्रात नसते. तथापि मोठा सिलिंडर किंवा बदललेली निष्कास नळी बसविल्यास क्षमता, ध्वनी व धूर यांविषयीच्या नियमांचा भंग होतो. शर्यतीसाठी तयार केलेले वाहन म्हणूनच बंदिस्त मार्गावरच चालवावे.

आधुनिक प्रवाह : सुझुकी कंपनीने २००२ मध्ये बर्गमन ६५० या मोठ्या स्कूटरमध्ये कप्प्यांची हालचाल विद्युत् चलित्र व इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाकडे सोपविली. त्यामुळे रोलर व त्यांची वजने यांची गरज उरली नाही आणि चालकाला जोमदार व संथ अशा दोन्ही पद्धती बटणाने निवडता आल्या. विजेवर चालणाऱ्या स्कूटरींत बहुधा एकच ठराविक गुणोत्तर असते व प्रवेग नियंत्रकातील प्रणालीने ठरतो. तरीही रस्त्यांवरील पेट्रोल स्कूटरींची मोठी संख्या पाहता रोलर, स्प्रिंग व पट्टा यांच्या समतोलाचे ज्ञान दुरुस्ती करणाऱ्यांना दीर्घकाळ उपयोगी पडणारे आहे.